एक प्रबंध, दोन पदव्या

मुलगा किंवा मुलगी इंजिनियर झाली, दोन-तीन वर्षें नोकरींत रुळली, कीं सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून उभा राहतो: आतां पुढें काय? कोणी म्हणतो, यंत्रविद्येंतच वरची पदवी घ्यावी. कोणी म्हणतो, एम. बी. ए. व्हावें, म्हणजे वरच्या खुर्चीचा मार्ग मोकळा होतो. या दोहोंच्या जोडीला आणखी एक मार्ग आहे. यंत्रविद्येची एक आणि व्यवस्थापनाची एक, अशा दोन्ही उच्च पदव्या एकाच अभ्यासक्रमांत संपादन करावयाच्या. तिला जोडपदवी म्हणणें सोयीचें होईल.

ही कल्पना कानीं पडतांच घरांत दोन तऱ्हेचीं मतें निघतात. एक पक्ष हुरळून जातो. एका पदवीच्या वेळांत दोन मिळत असतील तर सोडा कशाला, असें त्यास वाटतें. दुसरा पक्ष ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आठवून मान हलवितो. दोन्ही पक्ष पदव्या मोजतात, आणि येथेंच दोघांची चूक होते. पदव्या किती, हा मुळीं प्रश्नच नव्हे. यंत्र जाणणारा आणि हिशेब जाणणारा यांच्यामध्यें जी जागा रिकामी राहते ती कोणी भरावयाची, हा खरा प्रश्न आहे. त्याचा उलगडा झाल्यावांचून घरची शिल्लक अशा शिक्षणावर खर्च करूं नये.

ही रिकामी जागा आजची नाहीं. हेन्री टाऊन हे अमेरिकेंतील कुलपें बनविणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचे चालक व स्वतः इंजिनियर होते. १८८६ सालीं शिकागो येथें यांत्रिक इंजिनियरांची सभा भरली असतां त्यांनीं एक निबंध वाचला. इंजिनियरानें अर्थशास्त्रज्ञहि असलें पाहिजे, असा त्याचा रोख होता. कारखान्याची व्यवस्था हा यंत्ररचनेइतकाच महत्त्वाचा विषय असून त्याची चर्चा करणारें मंडळ नाहीं कीं नियतकालिक नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. यंत्राचा नकाशा एका खोलींत तयार होतो, खर्चाची वही दुसऱ्या खोलींत लिहिली जाते, आणि मधली भिंत कोणीच ओलांडीत नाहीं, असा त्या तक्रारीचा इत्यर्थ.

भिंत ओलांडली नाहीं तर नुकसान काय होतें, हें एका साध्या हिशेबावरून ध्यानांत येईल. समजा, एका कारखान्यांत पत्र्याचा एक सुटा भाग वर्षाकांठीं १२,००० नग लागतो. तो एका प्रेसवर निघतो. परंतु त्याच प्रेसवर इतरहि भाग काढावयाचे असल्यामुळें दर खेपेस जुना साचा उतरवून नवा चढवावा लागतो. या कामास कारखान्यांत सेटिंग म्हणतात. एका सेटिंगला ६०० रुपये खर्च येतो असें धरावें. उलटपक्षीं, एकदम पुष्कळ नग काढून ठेवले तर ते गोदामांत पडून राहतात. जागा अडते, पैसा अडकतो, त्यावर व्याज चढतें. हा साठवणीचा खर्च एका नगामागें वर्षाला १० रुपये धरावा. तर मग एका खेपेस नग किती काढावे?

थोडे थोडे काढले तर सेटिंगचा खर्च फुगतो; पुष्कळ काढले तर गोदामाचा. १९१३ सालीं फोर्ड हॅरिस नांवाच्या अमेरिकन इंजिनियरानें या कोड्याचें उत्तर एका सूत्रांत बांधून दिलें. वर्षाची मागणी, एका सेटिंगचा खर्च आणि २ यांचा गुणाकार करावा. त्यास एका नगाच्या साठवणखर्चानें भागावें. आणि येईल त्या संख्येचें वर्गमूळ काढावें. वरील उदाहरणांत गुणाकार १,४४,००,००० येतो. त्यास १० नीं भागलें कीं १४,४०,००० उरतात. त्याचें वर्गमूळ १,२००. म्हणजे वर्षांत १० खेपा आणि दर खेपेस १,२०० नग. दहा सेटिंगांचे ६,००० रुपये झाले. गोदामांत सरासरीनें ६०० नग राहतात, त्यांचे ६,००० झाले. एकूण खर्च १२,००० रुपये. याहून कमी करतां येत नाहीं. हिशेबनीस समाधानानें वही मिटतो.

परंतु मेख आहे ती येथेंच. सेटिंगचे ६०० रुपये हा आंकडा कोणीं ठरविला? हिशेबनिसाच्या लेखीं ती गणितांत दिलेली राशि आहे, तिला हात लावावयाचा नसतो. इंजिनियराला मात्र ठाऊक असतें कीं सेटिंगचा बराचसा वेळ साचा गोदामांतून आणण्यांत, पाना शोधण्यांत आणि उंची जुळविण्यांत फुकट जातो. त्यानें मनावर घेतलें आणि तोच खर्च १५० रुपयांवर आणला, तर सूत्राचें उत्तर १,२०० ऐवजीं ६०० येतें. खेपा २० होतात. सेटिंगचे ३,००० आणि साठवणीचे ३,००० मिळून खर्च ६,००० रुपये. एकूण खर्च निम्म्यावर आला, गोदामहि अर्धें रिकामें झालें.

मग इंजिनियर हें मनावर कां घेत नाहीं? कारण साचा लवकर बदलल्यानें पैसा वांचतो, आणि तो किती वांचतो, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. हिशेबनिसाला पैशाचें मोल कळतें, पण साचा लवकर बदलतां येतो हें कळत नाहीं. दोघेहि आपापल्या कामांत निर्दोष असतात, आणि कारखाना मात्र वर्षानुवर्षें दुप्पट खर्च सोशीत राहतो. ६०० हा आंकडा बदलतां येईल काय, असा प्रश्न ज्याला सुचतो, तो मनुष्य घडविणें हेंच जोडपदवीचें प्रयोजन होय.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. १९६९ सालीं जपानांतील टोयोटा कंपनीच्या कारखान्यांत १,००० टनी प्रेसवरील साचा बदलण्यास चार तास लागत असत. शिगेओ शिंगो या इंजिनियरानें कामगार व फोरमन यांना बरोबर घेऊन सुमारें सहा महिन्यांत तो वेळ दीड तासावर आणला. तेवढ्यानें व्यवस्थापकांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं तीन मिनिटांची मागणी केली, आणि आणखी तीन महिन्यांत तीहि पुरी झाली. युक्ति सोपी होती. यंत्र चालू असतांनाच जीं कामें उरकतां येतात, तीं यंत्र बंद ठेवून करावयाचीं नाहींत. साच्यांची उंची एकसारखी ठेवावयाची. लांबलचक बोल्टांऐवजीं चटकन आवळणाऱ्या पकडी वापरावयाच्या. साचा झटपट बदलूं लागल्यावर लहान लहान खेपा परवडूं लागल्या, मालाचे ढीग दिसेनासे झाले, आणि ढिगाखालीं झांकले जाणारे दोष तत्काळ उघडे पडूं लागले.

याचा परिणाम समुद्रापलीकडे जाणवला. १९८० सालीं मोटारींच्या उत्पादनांत जपाननें अमेरिकेस मागें टाकलें. अमेरिकेंत विद्वानांची वाण नव्हती, भांडवलाचीहि नव्हती. तेव्हां उणें कशाचें, याचा शोध घेण्यासाठीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम. आय. टी., या संस्थेनें १९८६ सालीं एक मंडळ नेमलें. (याच आद्याक्षरांची पुण्यांतील संस्था निराळी.) मंडळाचे निष्कर्ष १९८९ सालीं ‘मेड इन अमेरिका’ या नांवानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. जवळच्या फायद्यापलीकडे न पाहणें, नवी कल्पना प्रत्यक्ष उत्पादनांत उतरविण्यांतील दुबळेपणा, आणि कंपनीच्या निरनिराळ्या खात्यांत सहकार्य नसणें, हे त्यांत दाखविलेले कांहीं मुख्य दोष होत.

ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वींच, १९८८ सालीं, त्याच संस्थेनें नामांकित कारखानदार कंपन्यांच्या सहकार्यानें एक जोडपदवी सुरू केली. तिचें मूळ नांव लीडर्स फॉर मॅन्युफॅक्चरिंग. २००९ सालीं तें बदलून लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स असें झालें. संस्थेला ही वाट सर्वस्वीं नवी नव्हती. इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांना व्यवस्थापन शिकविणारा अभ्यासक्रम तेथें १९१४ सालींच निघाला होता. १९५२ सालीं त्याचें स्वतंत्र विद्यालय झालें, आणि १९६४ सालीं त्यास आल्फ्रेड स्लोन यांचें नांव देण्यांत आलें. हे स्लोन १८९५ सालीं त्याच संस्थेंतून विजेच्या इंजिनियरिंगची पदवी घेऊन बाहेर पडले आणि १९२३ सालीं जनरल मोटर्स कंपनीचे अध्यक्ष झाले. परंतु इंजिनियरिंगचा विभाग आणि स्लोन विद्यालय अशा दोघांनीं मिळून एकाच विद्यार्थ्याला घडवावें, ही योजना मात्र १९८८ ची.

तिची रचना पाहण्याजोगी आहे. कॉलेजांतून नुकत्याच निघालेल्या मुलासाठीं ती नाहीं. निदान दोन वर्षें कोठेंतरी काम केलेलें असावें लागतें. अभ्यास जूनमध्यें सुरू होतो आणि २४ महिन्यांत संपतो. एक पदवी व्यवस्थापनाची, बहुधा एम. बी. ए.; दुसरी यंत्रविद्येची एम. एस्., मग ती यांत्रिक, स्थापत्य, विद्युत व संगणक, विमानविद्या यांपैकीं ज्या शाखेची निवड केली असेल तिची. या दोन पदव्या वेगवेगळ्या घ्यावयाच्या तर तीन-चार वर्षें लागावयाचीं. येथें जें दोन वर्षांत साधतें, त्याचें कारण दोन्ही अभ्यासांना समाईक असलेला भाग एकदांच शिकावा लागतो.

त्यांतहि मुख्य अंग म्हणजे भागीदार कंपनींत काढावयाचे सहा महिने. तेथें विद्यार्थ्याला पाहुण्यासारखें बसवीत नाहींत. कंपनीची एखादी खरीखुरी अडचण त्याच्या गळ्यांत घालतात: माल वेळेवर कां निघत नाहीं, साठा कां वाढतो, एका शिफ्टमध्यें निघणारे नग दुसरींत कां निघत नाहींत. त्याच अडचणीवर प्रबंध लिहावयाचा. मार्गदर्शक दोन असतात, एक इंजिनियरिंगचा आणि एक व्यवस्थापनाचा. प्रबंध मात्र एकच, आणि तो दोन्ही पदव्यांसाठीं धरला जातो. योजनेचें सारें मर्म या एका नियमांत आहे. यंत्राचा उपाय सुचविला आणि त्याचा खर्च मांडला नाहीं, तर एक मार्गदर्शक अडवितो. काटकसर सुचविली आणि ती यंत्रावर कशी उतरावयाची तें दाखविलें नाहीं, तर दुसरा अडवितो. विद्यार्थ्याला भिंतीच्या कोणत्याहि एका बाजूस दडून राहतां येत नाहीं.

या शिक्षणाचें फळ कारखान्यापुरतें राहिलें नाहीं, याचें ठळक उदाहरण म्हणजे जेफ विल्की. मूळचे रसायन इंजिनियर असलेले विल्की १९९३ सालीं ही जोडपदवी घेऊन बाहेर पडले, आणि कांहीं वर्षें कारखानदारींत काढून १९९९ सालीं ॲमेझॉन कंपनींत गेले. कंपनीचीं गोदामें त्या वेळीं दुकानाच्या कोठारासारखीं चालविलीं जात. विल्की यांनीं त्यांच्याकडे कारखाना म्हणून पाहिलें. मागणी आली कीं वस्तु फळीवरून निघते, पेटींत बसते, वाहनांत चढते. हें एक प्रकारचें उत्पादनच होय, आणि उत्पादनांतील दोष शोधण्याच्या ज्या रीति आहेत त्या येथेंहि लागू पडतात, ही त्यांची दृष्टि. पुढें ते कंपनीच्या जगभरच्या विक्रीव्यवसायाचे प्रमुख झाले व २०२१ सालीं निवृत्त झाले.

अन्य विद्यापीठांनींहि हा मार्ग धरला आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची जोडपदवी १९९० सालीं कारखानदारी डोळ्यांपुढें ठेवून निघाली. पुढें तिचा ओढा वस्तूंच्या रचनेकडे वळला. हार्वर्डमध्यें २०१८ सालीं एम. बी. ए. आणि इंजिनियरिंगची एम. एस्. यांचा दोन वर्षांचा संयुक्त अभ्यास सुरू झाला; नवे उद्योग काढूं पाहणाऱ्यांवर त्याची नजर आहे. यावरून पालकांनीं एक गोष्ट ओळखावी. नांव सारखें असलें तरी प्रत्येक जोडपदवीचा रोख निराळा असतो. कोठें कारखाना, कोठें वस्तुरचना, तर कोठें नवा धंदा.

महाराष्ट्राचा आणि या विचाराचा संबंध जुना आहे. १८८२ सालीं पुण्याचे केशव मल्हार भट एम. आय. टी.मध्यें शिकावयास गेले. तेथें नांव दाखल करणारे ते पहिले भारतीय. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ सालीं तेथून यांत्रिक इंजिनियरिंगचे पदवीधर झाले. त्यांना दुसऱ्या पदवीची आवश्यकता पडली नाहीं. व्यवहाराची शाळा किर्लोस्करवाडीस घरचीच होती. ज्यांच्या घरीं कारखाना नाहीं, त्यांच्यासाठीं विद्यापीठानें ती शाळा उभी करावयाची असते.

भारतांत ती झालीहि. १९६१ सालीं कलकत्त्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्थापन झाली, तेव्हां स्लोन विद्यालयाचेंच साहाय्य तिला होतें. मुंबईस पवईच्या बाजूला १९६३ सालीं निघालेली ‘नायटी’ ही संस्था तर औद्योगिक इंजिनियरिंगसाठींच जन्मास आली. २०२३ सालीं ती आय. आय. एम. मुंबई झाली. अशा संस्थांच्या वर्गांत दीर्घकाळ इंजिनियरांचाच भरणा राहिला आहे. तेव्हां एकाच मनुष्याजवळ दोन्ही पदव्या असणें आपल्याकडे नवलाचें नाहीं.

नवलाचें असेल तर इतकेंच कीं त्या दोन पदव्यांची बहुधा गांठच पडत नाहीं. मुलगा बाविसाव्या वर्षीं इंजिनियर होतो, पुष्कळदां कारखान्याचा उंबरठा न ओलांडतांच व्यवस्थापनाच्या वर्गांत जाऊन बसतो, आणि तेथून थेट बँकेंत किंवा सल्लागार कंपनींत जातो. यंत्रविद्येचीं चार वर्षें प्रवेशपरीक्षेची शिडी म्हणून कामीं येतात; वर चढल्यावर शिडीची आठवण राहत नाहीं. यांत त्या मुलाचा तोटा होतोच असें नाहीं; पगार उत्तम मिळतो. तोटा होतो तो कारखान्याचा. तेथें यंत्र जाणणारा आणि हिशेब जाणणारा पुन्हां दोन वेगळ्या खोल्यांतच राहतात, आणि ६०० रुपयांचा आंकडा वहींत जसाचा तसा राहतो.

म्हणून ज्या घरांत जोडपदवीचा विचार चालला असेल, तेथें चार प्रश्नांचीं उत्तरें आधीं मिळवावीं.

पहिला प्रश्न: मुलानें किंवा मुलीनें प्रत्यक्ष काम केलें आहे काय? ज्यानें साचा बदलतांना पाहिलेलाच नाहीं, त्याला वरचें सूत्र तोंडपाठ होईल, परंतु ६०० चे १५० कसे करावे हें सुचणार नाहीं. अनुभव नसल्यास दोन वर्षें थांबणें हेंच शहाणपण.

दुसरा प्रश्न: यंत्राची आवड टिकावयाची आहे काय? यंत्रविद्येचा कंटाळा आला म्हणून सुटका शोधणाऱ्यास साधी एम. बी. ए. पुरे. जोडपदवींत अर्धा भार यंत्रविद्येचाच असतो, आणि तोहि वरच्या इयत्तेचा.

तिसरा प्रश्न: पदव्या जोडलेल्या आहेत, कीं नुसत्या शेजारीं ठेवलेल्या? माहितीपत्रकांतील चित्रांवरून हें कळत नाहीं. प्रबंध एक आहे कीं दोन, कारखान्यांत किती महिने काढावयाचे, दोन्ही विभागांचे अध्यापक त्या कामावर एकत्र देखरेख करतात काय, हें विचारावें. उत्तरें गोलमाल आलीं तर समजावें कीं गांठ सैल आहे.

चौथा प्रश्न पैशाचा. पुष्कळ घरांतून फक्त फी मोजली जाते. सुटलेला पगार मोजला जात नाहीं. महिना १ लाख रुपये मिळविणारा इंजिनियर दोन वर्षें शिकावयास गेला कीं २४ लाखांची आवक थांबते, आणि शैक्षणिक कर्जाचें व्याज निराळें. चार वर्षांऐवजीं दोन वर्षांत काम होतें, यांत जोडपदवीची मोठी बचत आहे ती फीपेक्षां या वेळाचीच. कांहीं ठिकाणीं, एम. आय. टी.च्या योजनेंत तर प्रारंभापासून, भागीदार कंपन्यांच्या निधींतून विद्यार्थ्यांना साहाय्य मिळत आलें आहे. त्याची चौकशी अगोदरच करावी. घर गहाण टाकून जावें अशी ही वस्तु नव्हे.

आणि या चारांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर नकारार्थी आलें, तर खंत करण्याचें कारण नाहीं. सूत्र बांधणारे हॅरिस यांचें शालेय शिक्षण हायस्कुलापाशींच थांबलें होतें. नोकरींत असलेल्या इंजिनियरानें आपल्या खात्याचें खर्चाचें पत्रक महिन्यांतून एकदां हिशेबनिसाशेजारीं बसून वाचलें, आणि हिशेबनिसानें महिन्यांतून एक शिफ्ट प्रेसजवळ उभें राहून काढली, तरी पुष्कळ साधेल. विद्यापीठ हेंच काम नेटकेपणानें, परीक्षकाच्या नजरेखालीं आणि थोडक्या वेळांत करवून घेतें. ज्याला तशी संधि मिळते, त्यानें परत येतांना भिंतीवर टांगण्यासाठीं दोन चौकटी आणल्या कीं एक, याला महत्त्व नाहीं. कारखान्यांतील त्या दोन खोल्यांमध्यें एक दार पाडलें, तर शिक्षणाचा पैसा वसूल झाला असें समजावें.